पोट कशाने धुतलं?

मी फिरता भूलतज्ज्ञ. डिकीत औषधांची बॅग. सकाळी मरोळ, दुपारी बोरीवली, संध्याकाळी मुलुंड. अर्ध्या उपनगराला मी झोपवलंय, उरलेलं माझ्या गप्पांनी झोपलंय. झोप नाही ती फक्त मला.

त्या दिवशी बोरीवलीच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये एका मालवणी मावशींचं फुटलेलं अपेंडिक्स काढलं. सर्जन ज्येष्ठ, हात असा, की चालत्या पंख्यालाही टाके घालतील. पोट शिवून झालं. स्नायू सैल करणाऱ्या औषधावर मी उतारा दिला आणि मावशींच्या श्वासाची वाट पाहत बसलो. श्वास येईना. मनगटाला बारीक करंट देऊन पाहिला. अंगठा जेमतेम थरथरला, म्हणजे स्नायू अजून सैलच.

हातमोजे काढता काढता सर म्हणाले, तुझं औषध जड झालं. डोस मी मनात पुन्हा मोजला. चोख होता.

"सर, पोट कशाने धुतलं?"

"नेहमीसारखंच. सलाईनमध्ये अमिकासिन. घाण फार होती रे, जरा सढळ ओतलं."

वाट लागली. हे अँटिबायोटिक पोटातून रक्तात शिरतं आणि माझ्या औषधाला जाऊन मिळतं. मग नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचतच नाही. जुन्या सर्जनांची ही पोट धुण्याची रीत; भूलवाल्याला सांगायची रीत मात्र नाही. सासूने मीठ घातलेल्या आमटीत सुनेने गुपचूप पुन्हा घालावं, तसं.

व्हेंटिलेटर होता, पण भिंतीवरच्या फोटोत. म्हणून घशातल्या नळीला जोडलेला हवेचा फुगा मी हाताने दाबत बसलो. भूल हलकी चालूच ठेवली. जागं असून हलता न येणं वैऱ्यालाही नको. दाराशी मावशींचे यजमान आले. त्यांना खरं तेच सांगितलं, की मावशींचा श्वास सध्या मी घेतोय. ते तिथेच उभे राहिले. मुलुंडहून पुढच्या ऑपरेशनसाठी फोन वाजत राहिला. माझा हात आधी दुखला, मग माझा राहिलाच नाही.

अंगठा हळूहळू जोर धरू लागला. छाती हलली. भूल बंद केली.

"मावशी, मान उचला. धरून ठेवा."

उचलली. धरली. नळी काढली, तशा त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मेल्या, तो दिवो आधी बंद कर."

दिवा यजमानांनीच बंद केला. सर म्हणाले, पुढच्या वेळी सांगेन. मी म्हटलं, ओतायच्या आधी सांगा.

मग डाव्या हाताने मुलुंडला फोन लावला. उजवा उचलतच नव्हता. निघालोय, म्हटलं, पण मी येईपर्यंत सुरी लावू नका. आणि पोट कशाने धुणार, ते आत्ताच सांगा.