वहिनीच्या यकृतावरची चरबी

जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा काढून दुसऱ्याला लावतात, त्यावर मी बरीच वर्षं संशोधन करतेय. माझा एक निबंध छापून आला तेव्हा गावी, हट्ट्याला, मायनं तो देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळद-कुंकू वाहिलं. आत काय आहे हे घरात कुणी विचारलं नाही. त्यात मी लिहिलं होतं, की देणाऱ्या माणसाला आधी एकटं बसवून विचारावं, आणि ते नको म्हणालं तर घरच्यांना फक्त 'यकृत चालत नाही' एवढंच सांगावं.

मग दादाचंच यकृत निकामी झालं. पोटात पाणी भरायला लागलं. मेलेल्या माणसाचं मिळावं म्हणून यादीत नाव लावलं, पण तिथं नंबर कधी लागेल याचा भरवसा नाही. माझा रक्तगट जुळेना, मायचं वय आडवं आलं, राहिली वहिनी. शहरात तिची तपासणी झाली आणि निरोप आला, यकृतावर चरबी आहे, चालणार नाही.

मायनं कपाळावर हात मारून घेतला. "म्याच घातले गं तिला डिंकाचे लाडू!" ताकद यावी म्हणून तिनं वहिनीला ते बळंच खाऊ घातले होते. त्या दिवसापासून वहिनीच्या ताटातलं तूप बंद झालं. कोरडी भाकरी, मेथीची भाजी आणि रोज जवळा बाजारच्या रस्त्यानं पायपीट. चरबी उतरली की पुन्हा तपासायचं, हे मायनं परस्पर ठरवून टाकलं. दादा ओसरीवर बसून वहिनी चालून परत यायची वाट बघायचा.

मी सुट्टी काढून आले. वहिनीला पाहिलं. हळदीच्या शेतात राबणाऱ्या त्या बाईच्या अंगावर चिमटीत धरायला मांस नव्हतं. बारीक माणसाच्या यकृतावरही चरबी असते, हे मला ठाऊक आहे. तेवढंच धरून मी बसले. दवाखान्यात ओळखी होत्या, पण खरं काय ते विचारायला फोन लावायची हिंमत झाली नाही.

एका सकाळी मी तिच्यासोबत चालायला गेले. गाव मागं पडल्यावर ती थांबली.

"ताई, चरबी-बिरबी काही न्हाई. म्याच न्हाई म्हणले."

मी विचारलं, "काहून?"

"दोघंबी एकाच दिवशी टेबलावर. आमाला काही झालं तर लेकरं कुणाकडं बघतील? दवाखान्यातल्या बाईनं एकटीला इचारलं. म्हणली, कुणाला कळणार न्हाई, तुमच्या नणंदेनंच तसं लिहून ठेवलंय. तुमी लिहिलं म्हणून बोलले मी."

मला तिचा संताप आला. माझा भाऊ मरत होता. ज्या बायकांची बाजू मी इतकी वर्षं मांडली, त्यांतली एकही माझ्या घरातली नव्हती, म्हणून ते लिहिणं सोपं गेलं होतं. मी नुसते हात जोडले असते तरी ती हो म्हणाली असती. मी ते करते का, हे बघायला ती माझ्या तोंडाकडं टक लावून उभी होती. मी हात जोडले नाहीत. मी घराकडं वळले.

दारात माय उभी. मागं ओसरीवर दादानं मान वर केली.

"उतरली का गं चरबी?"

"न्हाई माय," मी म्हणाले. दादाकडं बघायचं टाळलं. "कितीबी चालवा, हिची उतरायची न्हाई. यादीत नंबर लागायची वाट बघू. अन् हिच्या भाकरीला आता तूप लाव."