बावीस पावलांवरची तलवार

आमच्या छोट्याशा जुन्या राजधानीत पाहण्यासारखं तीनच: राजवाडा, घड्याळाचा मनोरा आणि तळं. राजवाड्यातल्या संग्रहालयात मी हेडक्लार्क. तिथल्या गाईडला सगळे ‘सरकार’ म्हणत. महाराजांविषयी ते सख्ख्या काकांविषयी बोलावं तसे बोलत. अठ्ठावीस वर्षांत एकदाही उशीर नाही. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. त्या सोमवारी नव्या अधिकारी मॅडमनी दरबार हॉलमधली काचेची कपाटं हलवली. मी फलकावर नोटीस लावली, प्रत फाइलला जोडली आणि निश्चिंत झालो.

मंगळवारी पहिल्याच घोळक्यापुढे सरकार बावीस पावलं चालून थांबले. हात करून म्हणाले, “ही महाराजांची तलवार. अजून धार आहे बघा.”

काचेमागे कपबश्या होत्या.

“म्हणजे शत्रूला चहा पाजून मारलं की काय?” एक बाई म्हणाल्या. हशा पिकला. मॅडम दारातच उभ्या होत्या.

मी सरकारांना माझ्या खोलीत नेलं.

“नोटीस वाचली नाहीत?”

“कुठली?”

“सरकार, खरं सांगा. दिसत नाही ना?”

“सावल्या दिसतात, भाऊसाहेब. मोतीबिंदू. दोन वर्षं पावलं मोजतोय. पण बोललो तर घरी बसवतील, आणि धाकटीचं शिक्षण अजून व्हायचंय.”

“वहिनींना माहीत आहे?”

“ती म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ उघडलीय आता. ऑपरेशन करून घ्या.”

“बिघडलं तर?”

“आता काय चांगलं चाललंय?”

मॅडमनी स्पष्ट सांगितलं, “एक महिना देते. दिसायला लागलं तर गाईड, नाहीतर पिशव्या ठेवायच्या खिडकीवर.”

उजवा डोळा आधी केला. तेविसाव्या दिवशी सरकार वेळेवर हजर. थेट दरबार हॉलमध्ये गेले आणि मान वर करून झुंबराकडे बघत राहिले.

“भाऊसाहेब, दिवे एकशे सतराच आहेत. तीन फुटलेत. मी आपला रोज एकशेवीस सांगतोय.”

“कुणी मोजून बघितले नाहीत?”

“लोक कशाला मोजतायत? मीच सांगतोय म्हटल्यावर!”

इतक्यात घोळका आला. सरकार तलवारीच्या नव्या जागेकडे निघाले. चालताना ओठ हलत होते.

“एकतीस पावलं,” तलवारीपाशी पोचताच माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले. “माहीत असलेलं बरं.”