वरून टाकायचं नाही

माझ्या आत्यावर अन्याय झाला. दोन वर्षांमागच्या ईस्टरच्या रविवारी, सकाळच्या उपासनेत, दुसरं गीत संपून बायांची पहिली ओळ वेदीपुढं गुडघे टेकून बसली तेव्हा. पाळकसाहेबांनी माझ्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला, माझ्या शेजारी आत्याचे तळहात होते त्यांच्यावरून हात तसाच पुढं नेला, आणि तिच्या पलीकडच्या बाईला दिला. कोणी ओरडलं नाही. पेटीवाल्यानं सूर सोडला नाही.

मी पत्रकं लिहिते. ऊसतोड बायांच्या पाण्यासाठी, संडासासाठी, फडावर बाळंत झालेल्या बाईला चार दिवस तरी पाठ टेकता यावी म्हणून. पत्रकात पहिल्याच ओळीत सांगायचं असतं की कुणाचं काय गेलं आणि कधी गेलं. म्हणून इथंही तसंच सांगितलं. फरक एवढाच, की पत्रकं वाटून झाली की हात मोकळे होतात. ही गोष्ट हातातून सुटत नाही.

ज्यांना प्रभुभोजन म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पकडून नेलं त्याच संध्याकाळी येशू आपल्या माणसांबरोबर जेवायला बसला. त्यानं भाकर मोडली, हे माझं शरीर म्हणाला. प्याला फिरवला, हे माझं रक्त म्हणाला. माझी आठवण म्हणून हे करत राहा, असं सांगितलं. त्याला विकणारा माणूस त्याच पंगतीत बसला होता. येशूला ते ठाऊक होतं. तरी त्यानं पंगतीतून कुणाला उठवलं नाही. जगभरातले ख्रिस्ती लोक ते जेवण पुन्हा पुन्हा जेवतात. आमच्या मंडळीत, म्हणजे केज तालुक्यातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि ईस्टरला जेवतात.

आमच्याकडं भाकर म्हणजे बाजारातला पाव, पाळकीणबाई त्याचे बोराएवढे तुकडे करतात. द्राक्षारस म्हणजे काळे मनुके रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून गाळलेलं पाणी.

आणि आमची एक रीत आहे. दुसऱ्या गावच्या मंडळ्यांत मी ती पाहिली नाही. पाळकानं भाकर वरून टाकायची नाही. तळहातावर ठेवायची आणि अंगठ्यानं दाबायची. अंगठा कातडीला लागला पाहिजे. ही रीत आमच्या पणज्यांनी घालून दिली. त्यांना गावानं सगळं वरूनच टाकलं होतं. शिळं, उरलेलं, सणाचं, मयताचं, ओंजळ खाली आणि देणाराचा हात वर, मधे हातभर हवा. मग कुणीतरी परक्या देशातला साहेब आला, एकाच प्याल्यातून त्यांच्याबरोबर प्यायला, आणि आमची वस्ती ख्रिस्ती झाली. आत्या म्हणायची, "तुझा पणजा शास्त्र ऐकून न्हाई आला गं. त्याला वाचाया कुठं येत व्हतं? अंगठा लागला म्हून आला."

आत्या लग्नानंतर तीनच वर्षांत विधवा झाली आणि परत आमच्यात आली. मला तिनंच वाढवलं. दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला जायची, उन्हाळा लागता लागता यायची. तिच्या तळहाताला इतके घट्टे होते की अंगठा लागलेला तिला कळत तरी कसा असेल, असं मला लहानपणी वाटायचं. एकदा विचारलंही. म्हणाली, "कळतंय. कोयत्याची मूठ येगळी आन् माणसाचा अंगठा येगळा."

त्या ईस्टरच्या आधीच्या हंगामात तिची टोळी माजलगावच्या बाजूला होती. टोळीत एक मुसलमान जोडपं होतं, युसूफ वडगाव या गावचं. त्यांच्या लेकराला पाचटात विंचू चावला. लाल विंचू. लेकराचं अंग थंड पडलं, तोंडाला फेस आला. बाप फडाच्या दुसऱ्या टोकाला होता. आत्यानं लेकरू उचललं, बांधावरून पळत रस्ता गाठला, उसाच्या ट्रॅक्टरला आडवी होऊन तो थांबवला. ड्रायव्हर म्हणाला, "म्हातारे, मरायचंय का?" ती म्हणाली, "मी मरंन नायतर न्हाई, पर हे लेकरू मेलं तर तुला सोडणार न्हाई." लेकरू वाचलं.

लेकराच्या आईनं नवस बोलला होता. जवळच्या पिराच्या दर्ग्यावर कंदुरी झाली, म्हणजे नवसाचं बकरं, आणि सगळ्या टोळीला जेवण. हिंदू, मुसलमान, आमचे, सगळे एका रांगेत पत्रावळीवर जेवले. त्या आईनं पहिला घास आत्याच्या तोंडाशी नेला. "मावशी, पैले तुम खाव." आत्या जेवली. लेकराच्या बापानं फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. तो फिरत फिरत आमच्या मंडळीच्या पंचाच्या फोनवर आला.

एवढा तो गुन्हा.

ईस्टरच्या दिवशी, पाळकसाहेबांचा हात पुढं गेल्यावर, आत्यानं तळहात खाली घेतले नाहीत. तिला वाटलं चुकून झालं, परत येतील. मी बघत होते. तिचे तळहात तसेच, वर. माझा तुकडा मी खाल्ला नाही. तो तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो माझ्या हातात परत दिला. हळूच म्हणाली, "उसना न्हाई घेत मी. माझा दिऊ दे."

मी मूठ मिटली. बाकीच्या बायांनी आपापले तुकडे तोंडात टाकले आणि डोळे मिटले. मनात आलं, आता या सगळ्यांनी मुठी मिटल्या असत्या तर पाळकसाहेब काय करते? ताट घेऊन कुठं जाते? पण एकटी मिटलेली मूठ कुणाला दिसत नाही. ओळ उठली. आत्या उठली नाही. दुसरी ओळ येऊन तिच्या दोन्ही बाजूंनी बसली, तिच्यावरून हात दुसऱ्यांदा गेला. मग मी तिला धरून उठवलं.

उपासना सुटल्यावर लिंबाखाली सगळे थांबले होते. पंचानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कंदुरी बी खायची आन् प्रभुभोजन बी पायजे! दोन्ही पंगतीत मान पायजे बाईला." दोन-चार जण हसले.

मी पाळकसाहेबांना गाठलं. ते वाईट माणूस नाहीत, हे लिहिताना मला राग येतो. मला अक्षर त्यांनीच शिकवलं. म्हणाले, "मूर्तीपुढचं, पिरापुढचं अन्न आणि प्रभूचं मेज, दोन्ही एका तोंडानं होत नाही. शास्त्र आहे. तिनं मंडळीपुढं उभं राहून एकदा चूक झाली म्हणावं. पुढच्या महिन्यात मी स्वतः देतो."

"आजचा पाव कुठून आणला?" मी विचारलं.

सगळ्यांना माहीत आहे पाव कुठून येतो. केजच्या बाजारातल्या बेकरीतून. पहाटे बिस्मिल्ला म्हणून भट्टी पेटते. मनुके पण तिथल्याच फळवाल्याचे. "चर्चचे ना? घ्या, चांगले काढून ठेवलेत," म्हणून तो मूठभर जास्त घालतो.

"बाजारात विकतं ते खायला शास्त्रात मुभा आहे," ते म्हणाले.

"म्हणजे त्या आईनं घास आत्याला विकला असता तर चाललं असतं. तोंडात भरवला हे चुकलं."

"तू पत्रकातलं बोलतेस."

"मंग कशातलं बोलू?"

आत्या मागून आली. तिनं माझा दंड धरला. पाळकसाहेबांना तिनं सलाम केला, नेहमीसारखा. मग विचारलं, "साहेब, चूक झाली म्हनू म्हंजी कशाची म्हनू? लेकरू वाचलं त्याची?" आणि उत्तराला थांबली. खरंच थांबली. तिला वाटत होतं उत्तर आहे.

माझ्या मुठीतला तुकडा घरी येईपर्यंत घामानं गोळा झाला होता. तो खाववेना, टाकवेना. परसात पुरला. तिथं अजून काही उगवलं नाही, मी बघत असते.

आमच्यात प्रभुभोजनाच्या दिवशी सकाळपासून तोंडात काही घालत नाहीत. उपास त्या भाकरीवर सोडायचा. आत्यानं ते मोडलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून यायची, शेवटी भिंतीला बसायची. बायांची ओळ वेदीपुढं गेली की ही जागेवरच गुडघे टेकायची आणि तळहात वर करायची. भिंतीपाशी. तिकडं ताट येणार नव्हतं. उपास सोडायला भाकर मिळालेली नसायची, म्हणून दिवस मावळेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायची नाही. चूल थंड. मी भांडायचे, "कावून असं करतीस? त्यांना काय फरक पडतोय?" ती म्हणायची, "त्यांच्यासाठी न्हाई. मी जेवाया बसलीय. वाढप्याला टायम लागतोय."

पुढच्या हंगामाला ती टोळीबरोबर गेली नाही. पावसाळ्यात खोकला धरला तो सुटला नाही. दसऱ्यानंतर गाव रिकामं झालं, टोळ्या गेल्या, आणि नाताळाच्या आधीच्या आठवड्यात ती अंथरुणावरून उठेना झाली. तिनं पाळकसाहेबांना बोलावून घ्यायला लावलं.

आजाऱ्याला घरी येऊन प्रभुभोजन देतात. त्यासाठी पाळकसाहेबांकडं एक लहानशी डबी आहे. ते दुपारी आले. आत्यानं आधी त्यांच्या हाताकडं बघितलं. हातात फक्त शास्त्र, म्हणजे बायबल, होतं.

"डबी न्हाई आणली?"

"आणली आहे बाई. स्कुटीच्या डिकीत आहे. एक वाक्य बोला, लगेच आणतो. मंडळीपुढं नको, माझ्यापुढंच बोला."

"काय बोलू साहेब? तुमीच सांगा, मी म्हनते मागं."

ते सांगायला लागले. ती मागं मागं म्हणत गेली, लहान पोरासारखी. मी पापी आहे, म्हणाली. मला क्षमा कर, म्हणाली. त्या जेवणात मी भाग घेतला ते चूक, हे आलं तेव्हा थांबली. ओठ हलले. मग म्हणाली, "तेवढं येत न्हाई. तिनं लई मायेनं भरवलं हो."

पाळकसाहेब रडले. मी खोटं सांगत नाही, डोळ्याला रुमाल लावून रडले. प्रार्थना केली. बाहेर गेले. मी कान देऊन होते, डिकी उघडल्याचा आवाज येईल म्हणून. आत्याही देऊन होती. स्कुटी सुरू झाली. गल्लीच्या तोंडापर्यंत आवाज आला, मग गेला. अजून आमच्या गल्लीत कुणी स्कुटी सुरू केली की मी हातातलं काम सोडते आणि डिकी उघडायची वाट बघते.

दुसऱ्या दिवशी ती लेकराची आई आली. माजलगावच्या फडावरून, खाडा करून, एसटीनं. दूधभाकर कुस्करून तिनं आत्याला दोन घास भरवले. आत्यानं खाल्ले. त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या गेली.

हे ऐकून शहरातले माझे चळवळीतले मित्र म्हणतात, बघ, तेच तिचं खरं प्रभुभोजन झालं. त्यांचे डोळे पाणावतात आणि त्यांना बरं वाटतं. मी त्यांना सांगते, तुमच्या बरं वाटण्यासाठी माझी आत्या मेली नाही. ती दूधभाकर होती, मायेची होती, पण आत्यानं मागितलेली नव्हती. तिला तिच्या पंगतीतली, तिच्या आज्यानं कमावलेली, अंगठा टेकवून दिलेली भाकर हवी होती. ती मिळाली नाही. मेलेल्या तोंडात आता कुणी गोड बोलून घास घालू नये.

मूठमाती नीट झाली. पाळकसाहेब तिच्याबद्दल चांगलं बोलले. मी तिचे हात छातीवर जुळवले तर तळहात सारखे वर वळत होते. शेवटी तसेच राहू दिले.

मी अजून दर पहिल्या रविवारी जाते. भाकर घेत नाही, भिंतीपाशी तिच्या जागेशेजारी बसते. तिथून वेदी समोर दिसते. बायांची पहिली ओळ गुडघे टेकते, आणि दोन बायांमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सुटते. कुणी ठरवलेलं नाही. नव्या सुना येऊन बसतात, त्यांनाही ठाऊक नसतं, तरी ती फट राहते. पाळकसाहेब ताट घेऊन येतात, एकीला देतात, आणि त्या मोकळ्या जागेपाशी त्यांचा हात थांबतो. तुकडा चिमटीत, अंगठा पुढं. खाली तळहात नाही. किती वेळ, ते मी मोजत नाही. मग हात पुढं जातो. एकदा पाळकीणबाई माझ्याजवळ येऊन कुजबुजल्या, "हे झोपंत बी तसाच हात करतेत गं." मी म्हटलं, "करू द्या."

आता पुन्हा ईस्टर आलंय. टोळ्या परतायला लागल्यात. पंचानं यंदा नवीन काढलंय: फडावरून आलेल्या प्रत्येक बाईला आधीच विचारायचं, कुठं जेवलीस, कुणाच्या हातचं जेवलीस. शेजारच्या घरातली पोर, पहिल्यांदाच टोळीला गेलेली, परवा मला विचारत होती, "ताई, टोळीत एकमेकींचं खाल्ल्याबिगर दिवस जातो का? काय सांगू गं त्यांला?"

तिला मी काय सांगायचं ते सांगितलंय. आता तुम्हाला सांगते, कारण तुम्हीही कुठल्या तरी मंडळीत त्या ओळीत बसता. या ईस्टरला तुमच्या शेजारच्या तळहातावरून हात पुढं गेला, तर तुमच्या हातातला तुकडा खाऊ नका. तिला देऊही नका, तिला उसना नकोय. मूठ मिटा. पलीकडचीला कोपरानं खुणवा, तिलाही मिटायला लावा. गुडघ्यावरून उठू नका, दुसऱ्या ओळीला जागा देऊ नका, पेटी वाजत राहिली तरी. आणि पाळकाकडं बघून मोठ्यानं म्हणा: आधी तिला. अंगठा टेकवून.