बाईंचे उपाशी जंतू

बाईंचे जंतू उपाशी मरतायत असं वाटून मी त्यांच्या फ्लास्कमध्ये चमचाभर ग्लुकोज घातलं.

भोरच्या आमच्या कॉलेजात बाई सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. मी तासिका तत्त्वावर लागलेला, त्यांच्या हाताखाली पडेल ते काम करायचो. बाई कुणालाही कशाचाही आग्रह करत नसत. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून मधे ठेवायच्या. घ्या म्हणायच्या नाहीत. ‘भूक लागली की हात आपोआप पुढं येतो,’ एवढंच. मी पडलो वाढप्यांच्या घरातला. आमच्याकडे पाहुण्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तरी बोटांच्या फटीतून आमटी वाढतात.

बाईंची पीएच.डी. भुकेवरच होती. जंतूंना ग्लुकोज आणि दुधातली साखर एकत्र दिली, तर ते आधी ग्लुकोज संपवतात. तोवर दुसरी साखर आत घेणारी जनुकं बंद असतात. ग्लुकोज संपलं की वाढ थांबते, मग ती जनुकं चालू होतात आणि वाढ पुन्हा सुरू. ‘पंगतीत जिलबी असेपर्यंत भाताकडं कोण बघतंय?’ असं बाई वर्गात सांगायच्या. पण उत्रोलीला त्यांच्या माहेरच्या गोठ्यातून आणलेले जंतू या मधल्या वेळात फारच रेंगाळायचे. ते शेवटी दुसऱ्या साखरेकडे वळतात, हे बाईंना आलेखावर दाखवायचं होतं. विद्यापीठानं शेवटची म्हणून दिलेली मुदतवाढ संपत आली होती.

थांबणं हेच बाईंचं काम. जंतू वाढले की फ्लास्क गढूळ होतो; तो गढूळपणा अधूनमधून यंत्रावर मोजायच्या, एरवी मांडीवर हात ठेवून बसायच्या. त्या दिवशी प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. जाताना मला म्हणाल्या, नुसतं लक्ष ठेवा. ठेवलं. रीडिंग जागचं हलेना. माझा जीव तुटायला लागला, आणि समोरच ग्लुकोजची बरणी होती.

बाई परतल्या तेव्हा रीडिंग झकास चढत होतं. मी कौतुकानं दाखवायला गेलो. त्यांनी उघड्या बरणीकडे बघितलं. चिडल्या की त्यांची उत्रोली बाहेर यायची.

“आवो सर, आत्ता कुठं ती भाताकडं वळत व्हती. तुमी पुन्यांदा जिलबी वाढली.”

सगळं पहिल्यापासून आलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी नवा फ्लास्क लावला आणि मला एसटी स्टँडवर चहा प्यायला जाच म्हणाल्या. त्यांनी कुणाला केलेला एवढा एकच आग्रह मला माहीत आहे. संध्याकाळी आलो तर आलेख टेबलावर होता. रेघ वर चढली होती, बराच वेळ आडवी पडून राहिली होती, आणि मग कंटाळून उठावं तशी पुन्हा उठली होती. बाईंनी फक्त मला दिसेल असा कागद फिरवून ठेवला.

बाईंना पदवी मिळाली, पाठोपाठ लांबच्या कॉलेजात नोकरीही. निघण्याआधी उत्रोलीला जेवण होतं. बाईंचे वडील दारात उभे राहून एकेकाची विचारपूस करत होते. मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं, बाईंच्या प्रयोगाला मदतीला मीच होतो.

म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“व्हय का? तरीच पोरीला एवढी वर्सं लागली.”