बदलीचा एकट्याचा ऑपेरा

नाटक कंपनीत त्याला सगळे ‘बदली’ म्हणत. खाणीत अडकलेल्या सात कामगारांवरच्या रॉक ऑपेराला अकरा जणांचा बँड होता, पण बँड यायचा तो थेट प्रयोगाला. तालमीत त्या अकरा जणांच्या जागी हा एकटा, एका पियानोवर. ड्रमचा मोठा ठोका आला की डाव्या पायाने पियानोच्या फळीला लाथ. प्रयोगाच्या दिवशी बदली घरी जाई. एकोणीस वर्षं.

ऑपेराचे संगीतकार म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बदली त्यांच्याच मागच्या खोलीत राही. जेवताना ते म्हणाले, “पुढच्या महिन्यापासून तालमीला रेकॉर्ड केलेला ट्रॅक.”

“मग मी?”

“तू आराम कर की.”

बदलीने घास खाली ठेवला. “भावोजी, एकदा मला अख्खा ऑपेरा एकट्याला वाजवू द्या. मनाने, सुचेल तसा. लोकांना आवडला तर दर रविवारी स्टेजवर मी. नाहीतर लावा तुमचा ट्रॅक.”

“करू दे हो,” ताई म्हणाली. “तेवढीच हौस फिटेल.”

महिनाभर तो हेडफोन लावून कीबोर्डवर बसला. बाहेर फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येई. “सुतारपक्षी पाळलाय,” ताई शेजारणीला सांगे.

शनिवारी दुपारी साठेक माणसं जमली, बहुतेक कंपनीतलीच. पहिली चाळीस मिनिटं बदलीने ऑपेरा उसवून नव्याने शिवला. स्फोटाच्या गाण्यात बँड कान फाडतो. त्याने ते खालच्या तीन पट्ट्यांवर आणलं, जमिनीखालून कोणी ठोकतंय असं. मुकादमाच्या गाण्याची लय निम्मी केली, तर मुकादम भेदरलेला निघाला. भावोजींनी मोबाइल खिशात ठेवला.

शेवटचं गाणं कामगाराच्या बायकोचं. प्रत्येक नवी गायिका ते उशिरा उचलते. ती श्वास घेईपर्यंत आधीचं आवर्तन फिरवत ठेवायचं, ही तालमीतली बदलीची रीत. घरी त्याने गायिकेची पुढची चालही स्वतःच वाजवली होती. इथे तालमीचा पियानो, समोर तेच स्टेज. हात सवयीने त्याच आवर्तनात फिरू लागले. एकदा, दोनदा, चारदा. लोकांना वाटलं, मुद्दामच आहे. मग बदलीने मान वर केली, तालमीत गायिका उभी राहते त्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि तो मोठ्याने म्हणाला, “घे. आता घे.”

कोपऱ्यात कोणी नव्हतं. सभागृह खदखदून हसलं.

दुसऱ्या रांगेत या गाण्याची पहिली गायिका बसली होती. ती उभी राहिली आणि तिथूनच तिने गाणं उचललं. बदलीने साथ केली, बिनचूक. शेवटी लोक उठून टाळ्या वाजवत राहिले, तिच्याकडे तोंड करून. ताईने डोळे पुसले, तेही तिच्यासाठीच.

“काय रे बदली,” भावोजी म्हणाले, “साथीत तुझा हात धरणारा कोणी नाही. ट्रॅक तूच वाजव.”

त्याने वाजवला. त्या जागी पुन्हा एक आवर्तन जास्त फिरलं आणि तोंडातून “घे” निघून गेलं. रेकॉर्डिंगवाला ते कापायला निघाला.

“राहू दे,” भावोजी म्हणाले. “पोरी वेळेवर उचलतील.”

उचलतात. आधी हसतात, मग उचलतात.

कीबोर्ड ताईने कोणाला तरी देऊन टाकला. जागा अडत होती. “सुतारपक्षी उडाला वाटतं?” शेजारणीने विचारलं.

“आहे की आत,” ताई म्हणाली. “झाड तोडलं.”