तळवा टेकला होता

माझं डोकं पहिल्यापासून गरम. वरोऱ्याला आमचं मटणाचं दुकान होतं, पण माझा जीव सगळा आखाड्यात. दिवसभर सुरा आणि पहाटे लंगोट, यापलीकडे मला काही सुचायचं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या गल्लीत एक नायजेरियन मुलगा खोली घेऊन राहिला. कुठल्याशा कॉलेजात शिकत होता. जुम्याला मशिदीत दिसायचा, तेवढीच ओळख. एकदा दुकानात आला, मी बकरा सोलत होतो ते बघत राहिला, आणि माझ्या हातातला सुरा घेऊन त्याने हाडाला न लागता अख्खी रान, म्हणजे मागची तंगडी, वेगळी केली. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला की त्याचा बाप, आजा, सगळे खाटीकच. आणि त्यांच्याकडे खाटकाच्या पोराला लढता आलंच पाहिजे. पीक निघालं की खाटीक गावोगाव जनावरं कापायला जायचे आणि तिथल्या पोरांशी भिडायचे. त्या लढाईला ते दांबे म्हणतात.

त्याने मला ती दाखवली. उजव्या मुठीवर फडकं, त्यावर सुताची दोरी आवळून आवळून गुंडाळायची. ती मूठ म्हणजे भाला. डावा हात उघडा, पुढे धरलेला, ती ढाल. मी म्हटलं, अर्धा माणूस घरी ठेवून कसलं लढता? त्याने हसत हसत माझ्या बरगडीत एक ठेवून दिली. चार दिवस मला नीट शिंकता आलं नाही.

तेव्हा गावात कराटेच्या क्लासचं पेव फुटलं होतं. पांढरे कपडे घातलेली पोरं मैदानात हवेला बुक्क्या मारत ओरडायची. तो बराच वेळ बघून म्हणाला, मार कुणाला बसतोय? मोहरमची लाठी त्याला आवडली, पण तिथेही खरं डोकं कधी फुटणार ते त्याने विचारलंच. आमची कुस्ती मात्र त्याला कळेना. मी पालथा पडतो, हात टेकतो, गुडघे टेकतो, तरी पाठ लागेपर्यंत मी जिवंत. त्याच्याकडे तळवा किंवा गुडघा मातीला लागला की तो माणूस मेला. पडला असं म्हणतच नाहीत, मेला म्हणतात. मेलेल्याला कुणी हात लावत नाही आणि मेलेला कुणाला मारत नाही.

परीक्षा झाली की तो घरी परतणार होता. थोरल्या भावाचा डोळा गेला होता, त्यामुळे त्या हंगामात घराण्याकडून हाच उतरणार होता. रोज सकाळी आमच्या दुकानामागे रेतीच्या पोत्यावर तो उजवा हात घोटायचा. त्या हाताने तो साधी बादलीसुद्धा उचलत नसे.

एकदा बकरे आणायला मी अहेरीच्या बाजारात निघालो, तर जंगल बघायला तोही आला. बाजाराशेजारी कुस्त्यांची दंगल चालली होती. त्याचं अंग बघून लोकांनी गराडा घातला आणि मी, मूर्खासारखा, तो कसा लढतो ते सांगत बसलो. मग लढून दाखवा म्हणून पंच आमच्या मागेच लागले. शेवटी मातीत उभं राहून आम्ही हातात हात देऊन ठरवलं: त्याची पाठ लागली की मी जिंकलो, माझा तळवा किंवा गुडघा लागला की तो. पंचाला मी हे सांगितलं, पण हलगीच्या कलकलाटात त्याने नुसती मान डोलावली.

दोरी गुंडाळलेल्या मुठीचा पहिलाच ठोसा कानावर बसला आणि हलगी ऐकू येईनाशी झाली. दुसऱ्याने दात ओठातून आरपार गेला. मी रक्त थुंकलो तर लोक हसले. ते हसणं मला दातापेक्षा जास्त झोंबलं. मी त्याच्या मांडीवर झेप घेतली, त्याने कमरेत लाथ घातली आणि मी पुढे कोलमडलो. डावा तळवा पूर्ण मातीत रुतला.

तो तिथेच थांबला. मूठ खाली केली आणि पाठ फिरवून पंचाकडे बघू लागला.

मी मेलो होतो. मला ते माहीत होतं. तरी उठलो, मागून त्याच्या कमरेला मिठी घातली, उचलला आणि होती नव्हती ती ताकद लावून आपटला. तो उजव्या हातावर पडला आणि मी त्याच्यावर. हाड मोडल्याचा आवाज माझ्या ओळखीचा होता, रोज ऐकत होतो. मग त्याच अवस्थेत त्याला उलथा करून मी त्याची पाठ लावली.

लोकांनी मला उचलून घेतलं. कडेला मासोळ्यांची टोपली घेऊन बसलेली एक ढिवराची बाई तेवढी पुढे आली.

"टेकला होता ना याचा हात. म्या आपल्या डोयानं पायलं," ती म्हणाली.

पंचाने माझ्याकडे बघितलं. "काऊन पहेलवान, टेकला काय तुया हात?"

"नाई," मी म्हणालो.

इतक्या दिवसांत त्याला नाई कळू लागलं होतं. मातीत पडल्या पडल्या त्याने ते ऐकलं. माझ्या डोक्याला फेटा बांधला गेला आणि मी तो बांधू दिला.

चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात न्यायला जीप मिळाली. आलापल्ली सुटेपर्यंत त्याचा हात इतका सुजला की दोरी मांसात शिरली. ती मीच कापली, बकऱ्यासाठी नेलेल्या सुऱ्याने. आतून जांभळी बोटं निघाली. मूठ वळत नव्हती, ती पुढेही कधी नीट वळणार नव्हती. प्रत्येक खड्ड्याला तो ओरडायचा आणि मी त्याचा हात मांडीवर धरून शरमेने खिडकीबाहेर बघायचो.

आष्टीच्या अलीकडे त्याने विचारलं, "नहीं क्यों बोला?"

मी म्हणालो, सगळे लोक बघत होते.

"मैं भी देख रहा था," तो म्हणाला.

त्यानंतर चंद्रपूर येईपर्यंत रस्ता तसाच खराब होता, पण तो एकदाही ओरडला नाही.