ठसा घासलेलं सागवान

लाखांदूरजवळच्या एका खेड्यात आमचे हे मास्तर होते. घरात बसायला एकच झोळ पडलेली खाट. पाहुणा बसला की मधल्या खड्ड्यात जायचा. म्हणून ह्यांनी जंगलखात्याच्या डेपोतून सागवानाच्या फळ्या रीतसर विकत आणल्या अन् म्हणाले, "सुतार कायले पायजे? आपणच दिवाण करू."

दिवाळीची सुट्टी त्यातच गेली. फळी हलू नये म्हणून मी एका टोकावर बसायची, हे दुसऱ्या टोकाकडून रंधा मारायचे. केसांत भुसा, लुगड्यात भुसा, वरणातसुद्धा भुसा. प्रत्येक फळीवर डेपोच्या हातोडीचा काळा ठसा होता. तो ह्यांच्या डोळ्यांत सलायचा. रंधा मारमारून त्यांनी सगळे ठसे काढले, वर पॉलिश केलं. दिवाण मोठा देखणा झाला, खोटं कशाला बोलू.

शेजारची काकी पाहायला आली. हात फिरवता फिरवता म्हणाली, "बाई, ठसा कुठी हाय?"

"घासला. बरा नव्हता दिसत."

काकी बसल्या जागेवरून उठलीच. "अवो, बिनठशाचं सागवान म्हंजे चोरीचं. माह्या भावाच्या घरचा दरवाजा चौकटीसकट काढून नेला जंगलखात्याच्या नाकेदारानं."

पावती शोधली तर ती फळ्या आणणाऱ्या बैलबंडीवाल्याने जंगलखात्याच्या नाक्यावर दाखवली होती अन् तिथंच राहिली होती. आणीबाणीचे दिवस. कुणी नुसतं बोट दाखवलं तरी मास्तराची नोकरी जायची. दिवाणावर सतरंजी टाकली, मग गोधडी, मग धानाची पोतीच रचली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथं चोरी न करताच आमच्या मनात चांदणं पडलं होतं. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तरी मी दार लोटून घ्यायची.

अन् एका दुपारी जंगलखात्याचा नाकेदार खरंच दारात उभा राहिला. "मास्तर, दिवाण केला म्हंते. पाहू द्या बरं."

मी चुलीपाशी होते. पोती सरकवल्याचा आवाज आला. मग नाकेदाराने विचारलं, "ठसा?"

मी दाराआडून पाहिलं. ज्यांना पाहून गावातली म्हातारी माणसं उठून उभी राहायची, ते माझे मास्तर हात जोडून उभे होते. "रंध्यात निघाला, साहेब. लाकूड डेपोतलंच हाय. रंधा मी मारला. बाईचा काही संबंध नाही."

ते ऐकलं अन् मला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. डोक्यावर पदर घेऊन मी बाहेर आले. "संबंध कसा नाही? फळी दाबून मीच बसली होती. न्यायचं असन तर दोघाइले न्या."

नाकेदार एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिला. "लोकं चोरीच्या लाकडावर खोटा ठसा मारतेत," तो म्हणाला, "अन् तुमी खरा ठसा घासून टाकला." डोकं हलवत तो सायकलवर बसला. डेपोत विचारून येतो म्हणाला, पण परत आलाच नाही.

तो गेल्यावर हे तिथंच पोत्यावर बसले. "तू कायले बाहेर आली?" त्यांनी विचारलं.

"आत एकटीले जास्त भेव लागत होतं," मी म्हटलं.